छातीचा फोटो साफ

फेब्रुवारी १९८५. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटल्याला दोन महिने झाले होते. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड या वस्त्यांतले दवाखाने सकाळी उघडायच्या आधीच दारापर्यंत भरलेले असत. डॉक्टर डोळे बघत, छाती तपासत, खोकल्याचं औषध आणि ताकदीच्या गोळ्या लिहून देत. काहींना उतार पडे. पण बरेच जण पुन्हा पुन्हा रांगेत दिसत. छातीचा फोटो साफ, आवाजात घरघर नाही, आणि तरी समोरची बाई सांगते आहे की जीव घाबरतो, झोप येत नाही, डोळा लागला तरी दचकून जाग येते, हात कापतात, काही लक्षात राहत नाही, आणि शेजारच्या चुलीचा धूर आला तरी पळत सुटावंसं वाटतं.

केसपेपरवर याचं काय लिहायचं? दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे त्यासाठी शब्द नव्हता. शहरात मात्र एक शब्द तयार होता: मुआवजा. नुकसानभरपाई मिळणार म्हणून ही माणसं आजारी असल्याचं सांगतात, अशी कुजबुज हळूहळू उघड बोलण्यात येऊ लागली होती.

ज्यांच्याबद्दल हे बोललं जात होतं, त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते आठवावं. २ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. थंडीची रात्र, वायू हवेपेक्षा जड, वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून. कुणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटून लोक जागे झाले आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच पळाले. गर्दीत आईच्या हातातून मूल सुटलं, म्हातारी माणसं घरातच राहिली, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे गेली. सकाळी हमीदिया रुग्णालयाच्या आवारात प्रेतं ओळखायचं काम सुरू झालं. सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा पुढे पाच हजारांवर गेला. वायुग्रस्तांच्या संघटनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. पळताना आपण कुणाला मागे सोडलं, हे वाचलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक होतं. ते कुठल्याही फोटोत दिसणार नव्हतं.

देशभरातून वैद्यक भोपाळकडे धावलं होतं. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने वायुग्रस्तांच्या फुप्फुसांचा अभ्यास हाती घेतला. नेत्रतज्ज्ञ होते, विषतज्ज्ञ होते, प्रेतांची तपासणी करणारे डॉ. हीरेश चंद्र होते. मनाचा डॉक्टर तेवढा नव्हता. त्या वेळी मध्य प्रदेशातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकाच्याही अध्यापकवर्गात मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. लाखो माणसं भेदरलेली, आणि त्यांच्या भीतीला आजार म्हणू शकेल असा माणूस जवळपास कुठेच नाही.

ही उणीव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, लक्षात आली आणि दोन ठिकाणांहून माणसं बोलावली गेली: बंगळूरच्या निमहान्समधून आणि लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातून. निमहान्सच्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्तींनी त्याआधी चंडीगडच्या पीजीआयमधून रायपूर राणी या हरयाणातल्या भागात काम केलं होतं. साध्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मनाचे आजार ओळखायला शिकवता येतं का, हा तिथला प्रयोग होता. भोपाळला नेमका हाच अनुभव हवा होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वस्त्या आणि दवाखाने पाहून त्यांनी जो अंदाज बांधला तो धक्का देणारा होता. वस्तीतल्या निम्म्या आणि दवाखान्यात येणाऱ्या साधारण वीस टक्के माणसांना मनाचा त्रास असावा.

हा झाला अंदाज. तो खरा की खोटा, हे मोजून दाखवायचं काम लखनौच्या पथकाकडे आलं. प्रा. बी. बी. सेठी त्याचे प्रमुख होते, डॉ. जे. के. त्रिवेदी त्यांच्या सहकाऱ्यांत होते. त्यांनी दहा दवाखाने निवडले. पथक आळीपाळीने रोज एका दवाखान्यात जाई. नव्याने नोंदलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांसाठी तयार करवलेली प्रश्नावली विचारली जाई. तिचं रूप अगदी साधं: उत्तर हो किंवा नाही. डोकं वारंवार दुखतं का? भूक मंदावली आहे का? झोप नीट लागते का? चटकन भीती वाटते का? हात थरथरतात का? रोजची कामं करताना जड जातं का? रडू येतं का? जीव द्यावा असं मनात आलं का?

हे प्रश्न विचारले जाणं हीच त्या रांगेतल्या माणसांसाठी नवी गोष्ट असणार. दोन महिने त्यांना डोळे किती चुरचुरतात आणि खोकला किती येतो एवढंच विचारलं गेलं होतं.

फेब्रुवारी ते मे १९८५ या काळात ८५५ जणांना हे प्रश्न विचारले गेले. त्यातले २५९ जण पुढच्या तपासणीला पात्र ठरले. त्यांपैकी २१५ जणांची मानसोपचारतज्ज्ञाने समोर बसवून सविस्तर मुलाखत घेतली. १९३ जणांना नक्की मानसिक आजार असल्याचं ठरलं, म्हणजे ८५५ मधले २२.६ टक्के. दवाखान्यांपुरता मूर्तींचा अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला होता. या रुग्णांत ८१ टक्के बायका होत्या आणि बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या. नैराश्य सर्वांत जास्त, त्याखालोखाल चिंताविकार आणि प्रसंगामुळे मनाची घडी विस्कटल्याचे प्रकार. भ्रमिष्टपणा, भास असलं काही जवळपास नाहीच.

आता खरी अडचण सुरू झाली, आणि मला या शोधकथेतला सगळ्यांत अवघड भाग हाच वाटतो. वायुग्रस्तांचं मन आजारी आहे असं म्हणणं धोक्याचं होतं. शरीराला झालेली इजासुद्धा अजून पुरती मान्य झालेली नव्हती. विष कोणतं, ते रक्तात उतरलं का, उतारा म्हणून थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यायची की नाही, यावर रणं माजली होती. अशा वेळी 'मानसिक' हा शब्द कागदावर आला की कंपनीच्या वकिलांच्या हाती आयतं कोलीत मिळेल, ही भीती लोकांसाठी झटणाऱ्यांना वाटली तर ती रास्तच होती. आपल्याकडे 'मनाचं आहे' याचा अर्थ 'खरं नाही' असाच लावला जातो.

वैद्यकाच्या पुस्तकांतही या संशयाला बैठक होती. ब्रिटनमधले मज्जातज्ज्ञ हेन्री मिलर यांनी १९६१ मध्ये अपघातानंतरच्या मनोविकारांवर गाजलेली व्याख्यानं दिली. त्यांचा सूर असा की भरपाईचा खटला निकाली निघाला की असे रुग्ण बरे होतात. डॉक्टरांच्या पिढ्या हे शिकल्या. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज मेंडेलसन यांनी १९८२ मध्ये पुढचे अभ्यास पडताळून दाखवलं की निकालानंतरही पुष्कळ जण आजारीच राहतात. भोपाळच्या वायुगळतीच्या दोन वर्षं आधी ही दुरुस्ती छापून आली होती. पण जुनी समजूत अंगवळणी पडलेली असते.

उत्तर सापडलं ते नकाशावर. मेडिको फ्रेंड सर्कल या संघटनेत पुण्याच्या डॉ. अनंत फडके यांच्यासारखे महाराष्ट्रातले बरेच डॉक्टर होते. या संघटनेने मार्च १९८५ मध्ये कारखान्यासमोरचं जयप्रकाश नगर आणि तिथून सुमारे दहा किलोमीटरवरचं अण्णा नगर यांची तुलना केली. दोन्ही गरिबांच्याच वस्त्या. छातीचा फोटो साफ आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हा त्यांचा आग्रह होता. लखनौच्या पथकानेही पुढचं पाऊल टाकलं. दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांवर न थांबता ते घरोघर गेले. पहिल्या वर्षी १,२०१ घरांतली ४,०९८ प्रौढ माणसं पाहिली, ३८७ जणांना मनोविकार आढळले. हजारी ९४. जिथे वायू दाट होता तिथे प्रमाण जास्त, जिथे विरळ होता तिथे कमी.

या एका गोष्टीने कुजबुजीतली हवा काढून घेतली. पैशाची आशा सगळ्या गल्ल्यांत सारखीच होती. वायू मात्र सगळीकडे सारखा पसरला नव्हता, आणि मनाचे आजार वायूच्या पावलावर पाऊल टाकून गेले होते.

तरीही एक नाव त्या तक्त्यांत कुठे दिसत नाही. आघातानंतरचा ताणविकार, ज्याला आज शाळकरी मुलंही पीटीएसडी म्हणून ओळखतात. ती रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, आवाजाने दचकणं, धुराला भिणं ही त्याचीच लक्षणं. मूर्तींनी वायुग्रस्तांचे मानसिक त्रास चार प्रकारांत मांडले त्यात हा पहिला होता. त्यानंतर न सरणारा शोक, शरीराच्या दुखण्याने खचलेलं मन, आणि आधीपासून असलेल्या मनोविकाराचं उसळणं. पण लखनौच्या पथकाने निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची नववी वर्गवारी वापरली होती आणि त्या वर्गवारीत पीटीएसडीचा कप्पाच नव्हता. म्हणून त्या रात्रीची भीती नैराश्य आणि चिंता या कप्प्यांत विभागून ठेवावी लागली.

कप्पा नव्याने उघडला होता तो अमेरिकेत, १९८० साली, तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. आणि इथे ही कथा भोपाळच्या बाहेर जाते. त्याच पुस्तिकेत त्याच वर्षी आणखी एका आजाराला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. जागतिक वर्गवारीत हे दोघे आले तेही बरोबरच, १९९२ मध्ये छापलेल्या दहाव्या आवृत्तीत. दोन्ही आजारांच्या माणसांनी त्याआधी एकच शब्द ऐकला होता: नाटक.

न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. लहानशा दुखावण्यानेही ते कोसळतात, जणू मनाला रक्तस्राव होतो, असं त्यांचं निरीक्षण. तरी पुढची चाळीसएक वर्षं हे निदान म्हणजे डॉक्टरला नकोसा वाटणारा रुग्ण असाच अर्थ राहिला. आज प्रेमाने गळ्यात पडणारी, उद्या तोंड न पाहणारी. कुणी सोडून जाईल या नुसत्या शंकेने जिवाचा आकांत करणारी. राग आला की आवरत नाही, आणि मग आत नुसतं रितेपण. हातावर ब्लेडचे वण. लक्ष वेधायचं म्हणून करते, असं घरचे म्हणत, वॉर्डातही म्हणत. निदान होणाऱ्यांत बायका जास्त, आणि बाईची तक्रार हलक्यात घेणं भोपाळच्या रांगेपुरतं मर्यादित नव्हतं.

इथेही कोंडी फुटली ती प्रश्न विचारल्यामुळे. ज्युडिथ हर्मन, ख्रिस्तोफर पेरी आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी १९८९ मध्ये बॉर्डरलाइनच्या रुग्णांना त्यांच्या बालपणाबद्दल नीट, सविस्तर विचारलं. ८१ टक्के रुग्णांनी आघाताचा इतिहास सांगितला: मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातली हिंसा डोळ्यांसमोर घडणं. हा अभ्यास लहान होता, आणि प्रत्येक रुग्णामागे असा आघात असतोच असं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटाही मोठा दिसला आहे. त्यामुळे या निदानाच्या मुलीच्या आईबापांकडे आरोपी म्हणून बघणं अन्यायाचं होईल. पण तोवर बालपणाबद्दल इतकं पद्धतशीर फारसं कुणी विचारलं नव्हतं.

आतली यंत्रणा उलगडून दाखवली ती सिअॅटलच्या मार्शा लिनहॅन यांनी. त्यांचं म्हणणं असं. काही माणसांच्या भावना जन्मतःच लवकर पेटतात, उंच जातात आणि खाली यायला फार वेळ घेतात. अशा मुलाने भीती वाटते म्हटलं आणि घरात रोज उत्तर मिळालं की काही झालेलं नाही, उगीच करतोस, तर ते मूल दोन गोष्टी शिकतं. आपल्याला जे वाटतं त्यावर आपणच विश्वास ठेवायचा नाही. आणि हळू बोललेलं कुणी ऐकत नाही, किंचाळलं तरच ऐकतात. मोठेपणी ब्लेड हातात येतं तेव्हा अनेकदा मरण्याची इच्छा नसते, सहन न होणारी भावना क्षणभर खाली आणायची असते. त्याला नाटक म्हणणं म्हणजे ज्या वागणुकीने हा आजार वाढला तीच वागणूक वॉर्डात पुन्हा देणं.

लिनहॅन यांनी यावर जी उपचारपद्धती बांधली तिची पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णाचं वाटणं समजण्यासारखं आहे हे आधी मान्य करायचं आणि लगेच, न थांबता, ते सांभाळण्याची कौशल्यं शिकवायची: लाट ओसरेपर्यंत थांबणं, मदत मागणं, नकार देणं. स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले. त्यांना हे कुठून उमगलं ते जगाला २०११ मध्ये कळलं. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात त्या स्वतः दाखल झाल्या होत्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथे होत्या. अंगावर चटके आणि वण घेऊन जगलेली बाई या आजाराची सर्वांत मोठी तज्ज्ञ झाली होती.

या आजाराची माणसं कधीच बरी होत नाहीत, हा समज बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी मोडून काढला. २९० रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ९३ टक्क्यांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली आढळली. नोकरी, नाती यांसह आयुष्य पुरतं सावरणारे निम्मेच होते, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि चोवीस वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे सहा टक्क्यांनी आत्महत्या केली होती. म्हणून या माणसाचं 'जीव देईन' हे वाक्य कुणीही धमकी समजून सोडून देऊ नये. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं आहे. टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

दोन आजार एक नव्हेत, हे स्पष्ट सांगायला हवं. भोपाळच्या बाईचं मन त्या रात्रीपर्यंत धडधाकट होतं, एका रात्रीने ते मोडलं. बॉर्डरलाइन वर्षानुवर्षांत घडतो. मात्र दोघींना वागवण्याची रीत एकच होती. तिच्या सांगण्याला पुरावा नाही, म्हणून ती खोटी. आणि दोन्हीकडे ही रीत मोडली ती कुठल्या नव्या यंत्राने नाही. कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसलं आणि ओळीने प्रश्न विचारले.

भोपाळमध्ये हे प्रश्न विचारायला शिकवण्याचं काम एप्रिल १९८५ मध्ये झालं. वायुग्रस्त भागातल्या सुमारे पन्नास वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन तुकड्यांत, पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. मूर्ती, डॉ. मोहन आयझॅक आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका आयसीएमआरने १९८७ मध्ये काढली. मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत न थांबता साध्या एमबीबीएस डॉक्टरने मनाची जखम ओळखायची, ही कल्पना आपत्तीच्या ठिकाणी इतक्या प्रमाणात आपल्याकडे पहिल्यांदा उतरली.

तिचा धागा महाराष्ट्रात पोचला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरलं, तेव्हा भूकंपग्रस्तांच्या मनाचं काय होतं याचा आयसीएमआरचा प्रकल्प पुण्यात उभा राहिला. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. रंगभूमीवरचे नाना फडणवीस म्हणून त्यांना ओळखणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना हे काम ठाऊक नसेल. किल्लारीनंतर मनाच्या आरोग्याबद्दल उघडपणे बोललं जात होतं. मला यात भोपाळच्या त्या ८५५ जणांचा वाटा दिसतो.

खुद्द भोपाळच्या वाट्याला काय आलं? १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. दाव्यांच्या वैद्यकीय तपासणीत फुप्फुसं आणि डोळे यांना वजन होतं. बहुतेक जखमींच्या हाती पंचवीस हजार रुपयांच्या आसपास रक्कम पडली. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोग भोपाळला येऊन गेला आणि मज्जासंस्थेची इजा आणि आघातानंतरचा ताणविकार यांनाही वायूमुळे झालेल्या आजारांत धरावं, अशी शिफारस त्याने केली. तोपर्यंत सेठींच्या पथकाचे आकडे छापून येऊन सात वर्षं झाली होती. न्यायालयाच्या आदेशातून उभं राहिलेलं भोपाळ मेमोरियल रुग्णालय २०००च्या सुमारास सुरू झालं. १९८५ मध्ये ज्या बाईचा फोटो साफ निघाला होता, ती तोवर पंधरा वर्षांनी म्हातारी झाली होती.

२०२२ पासून जागतिक वर्गवारीची अकरावी आवृत्ती लागू आहे. त्यात दीर्घकाळच्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या आघातांनंतरच्या ताणविकाराला वेगळा कप्पा मिळाला आणि व्यक्तिमत्त्व विकारांची मांडणी नव्याने झाली, बॉर्डरलाइनची खूण त्यात कायम ठेवून. पुढच्या वर्षी, १४ मार्च २०२३ रोजी, वायुग्रस्तांना वाढीव भरपाई मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळली. २२.६ टक्के हा आकडा शास्त्रीय नियतकालिकात १९८७ पासून आहे. भरपाईच्या हिशेबात त्याला जागा मिळण्याचा रस्ता त्या दिवशी बंद झाला.